उजव्या बरगडीखालची कळ : अँडी वॉरहॉलचा घटनाक्रम

अँडी वॉरहॉलला न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये मृत घोषित केलं, तेव्हा घड्याळात सकाळचे ६ वाजून ३१ मिनिटं झाली होती. वार रविवार, तारीख २२ फेब्रुवारी १९८७, वय ५८. सूपचे डबे आणि मेरिलिन मन्रोचे चेहरे रंगवून जगभर गाजलेल्या या चित्रकाराचं पित्ताशय आदल्याच दिवशी काढलं होतं. ‘नेहमीच्या, साध्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू’ असं वर्तमानपत्रांनी लिहिलं आणि पुढची तीस वर्षं लोक तेच सांगत राहिले. एवढ्याशा ऑपरेशनमध्ये माणूस जातोच कसा, म्हणून सगळा संशय शेवटच्या रात्रीवर गेला. त्या रात्रीबद्दल प्रश्न आहेतच. पण ६:३१ पासून काटे मागे फिरवत गेलं, तर हातातला बहुतेक वेळ त्या रात्रीच्या कितीतरी आधी संपलेला दिसतो.

५८ वर्षं आधी

पिट्सबर्ग. आजच्या स्लोव्हाकियातल्या एका खेड्यातून आलेल्या मजुराच्या घरी ६ ऑगस्ट १९२८ ला अँडीचा जन्म झाला. त्याच वर्षी त्याच्या वडिलांचं पित्ताशय शस्त्रक्रिया करून काढावं लागलं होतं.

हे सांगण्याचं कारण साधं आहे. पित्तखड्यांचा कल घराण्यात चालतो. यकृतात तयार झालेलं पित्त साठवायला आणि आटवून दाट करायला यकृताच्या खालच्या बाजूला नासपतीच्या आकाराची एक पिशवी असते, ते पित्ताशय. पित्तात विरघळणार नाही इतकं कोलेस्टेरॉल झालं की त्याचे कण धरतात आणि कणांचे खडे होतात. बायकांना ते पुरुषांपेक्षा जास्त होतात. गरोदरपण, वाढलेलं वजन आणि घाईघाईनं उतरवलेलं वजन, ही त्याची ओळखीची कारणं. आपल्याकडे आणखी एक कारण आहे आणि शहरातल्या वाचकाला ते सहसा माहीत नसतं. विदर्भात, नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्या तांबड्या पेशी सतत फुटत असल्यानं वेगळ्या प्रकारचे, काळपट खडे अगदी लहान वयात होतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पित्तखडे कुठून होणार, असं म्हणून तिथं पोटदुखी झटकून टाकता येत नाही.

१८ वर्षं, ८ महिने आधी

३ जून १९६८. व्हॅलरी सोलानस नावाच्या स्त्रीनं वॉरहॉलवर त्याच्याच स्टुडिओत गोळी झाडली. गोळी फुफ्फुसं, प्लीहा, जठर, यकृत, अन्ननलिका असा प्रवास करून गेली. रुग्णालयात तो जवळपास गेल्यातच जमा होता. जुसेप्पे रॉसी या सर्जननं तासन्‌तास खपून त्याला परत आणलं. पोटाचे स्नायू मात्र पुन्हा नीट जुळले नाहीत. पोट आत धरून ठेवायला त्याला पुढं जन्मभर कंबरपट्टा घालावा लागला आणि जुन्या टाक्यांच्या जागी मोठा हर्निया झाला.

दुसरी जखम मनाला होती. रुग्णालयाच्या नावानंच त्याला धडकी भरे. पित्ताशयात खडे आहेत हे सत्तरच्या दशकातच कळलं होतं. शस्त्रक्रियेचा विषय त्यानं पुढं ढकलला, मग पुन्हा ढकलला.

इथे त्याला दोष देताना जरा थांबायला हवं. पोटात खडे सापडले म्हणून प्रत्येकाला टेबलावर घेत नाहीत. ज्यांच्या खड्यांनी कधीच त्रास दिला नाही अशी पुष्कळ माणसं खड्यांसकट म्हातारी होतात आणि भलत्याच आजारानं जातात. अशा मुक्या खड्यांना डॉक्टरही सहसा हात लावत नाहीत. पण खडा एकदा दुखला की प्रकरण वेगळं होतं. तो पुन्हा दुखण्याचा संभव खूप वाढतो, आणि पुढची खेप पहिलीइतकी सौम्य असेलच असं नाही.

३१ दिवस आधी

गुरुवार, २२ जानेवारी १९८७, मिलान. लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’वरून वॉरहॉलनं केलेल्या चित्रांचं प्रदर्शन उघडलं, तेही मूळ भित्तिचित्र असलेल्या मठासमोरच्या इमारतीत. गर्दी भरपूर होती. वॉरहॉलचं पोट दुखत होतं.

खड्याची कळ कशी येते ते एकदा नीट समजून घ्यावं. तेलातुपाचं जेवण आतड्यात उतरलं की एक संप्रेरक सुटतं आणि पित्ताशय आकुंचन पावतं. आत खडा असेल तर तो पित्ताशयाच्या मानेशी जाऊन अडकतो. पिशवी जोर लावते, तोंड बंद, आणि दुखणं अर्ध्या तासात टिपेला जातं. जागा उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या हाडाखाली पोटाच्या मधोमध. तिथून ते पाठीत जातं, कधी उजव्या खांद्यात. खांदा दुखतो कारण श्वासपटलाची नस मानेतून निघते आणि त्याच मुळांतून खांद्याच्या कातडीलाही शाखा जातात. मेंदूला पत्ता नीट लागत नाही. मग माणूस खांद्याला बाम चोळत बसतो.

त्यानंतर जे होतं, तिथंच सगळे फसतात. दोन-चार तासांनी खडा मागे घरंगळतो. कळ थांबते. पूर्ण थांबते. सकाळी उठून माणूस पोहे खातो आणि ऑफिसला जातो. रात्रीच घेतलेला ओवा, सोडा किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी यांना श्रेय मिळतं आणि पुढच्या वेळी तोच उपाय होतो. आपल्या घरांत ‘गॅस’ या निदानाखाली किती पित्ताशयं झाकलेली असतील, कोण जाणे.

दुखणं सहा तासांवर टिकलं तर मात्र खडा अडकूनच बसला आहे, असं समजून चालावं. पिशवीला सूज येते, ताप चढतो, उलट्या होतात.

साडेचार दिवस आधी

मंगळवार, १७ फेब्रुवारी. महिनाभर वॉरहॉलचं जेवणाखाण्यावरचं मन उडालेलं होतं. त्यानं पाठ-मणका दाबणाऱ्यांकडून, शियात्सू मालिशवाल्यांकडून उपचार घेतले होते. स्फटिकांवर त्याचा विश्वास होता, तेही करून झालं होतं. त्या संध्याकाळी न्यूयॉर्कमधल्या ‘टनेल’ नावाच्या क्लबात जपानी डिझायनर कोशिन सातोह याच्या फॅशन शोमध्ये तो मॉडेल म्हणून चालला. सोबत जॅझचा बादशहा माइल्स डेव्हिस. वॉरहॉल पोट धरून चालत होता आणि प्रेक्षकांना त्याचा पत्ता नव्हता.

त्या आठवड्यात तो अखेर डॉक्टरांसमोर बसला. अशा रुग्णाकडे पाहताना डॉक्टरांच्या मनात पित्ताशय पहिलं येतं, पण एकटं येत नाही.

उजव्या बरगडीखालची जागा मोठी वर्दळीची आहे. तिथं यकृत आहे. कावीळ होण्याआधी यकृताला सूज येते, त्याचं वेष्टण ताणलं जातं आणि जडपणे दुखत राहतं. आपल्याकडे पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी कावीळ अशीच सुरू होते. यकृतात पू साठला असेल तर थंडी वाजून ताप येतो, खोकलं की उजवीकडे बरगडीत कळ जाते. अमीबाचं हे गळू दारू पिणाऱ्या पुरुषांत जास्त दिसतं, आणि ते असलं तर औषधांनी, गरज पडल्यास सुईनं पू काढून, बरं होतं. उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया झाला तरी रुग्ण पोटावरच हात ठेवतो. मूतखड्याची कळ कमरेतून सुरू होऊन जांघेकडे उतरते. कंबर-बरगडीच्या एकाच बाजूला कातडी भाजल्यागत होत असेल, हात लागला तरी सहन होत नसेल, तर दोन-तीन दिवसांनी तिथं नागिणीचे फोड उठतात. तोवर सोनोग्राफी ‘नॉर्मल’ येते आणि सगळे बुचकळ्यात.

जठराचा किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा अल्सर फुटला असेल तर गोष्ट वेगळीच दिसते. दुखणं कोणत्या मिनिटाला सुरू झालं ते रुग्ण सांगू शकतो. पोट ताठ, कडक. रुग्ण अजिबात हलत नाही, श्वाससुद्धा वरच्या वर घेतो. खड्याच्या कळीचा रुग्ण नेमका उलटा असतो. तो तळमळतो, कूस बदलतो, उठून येरझाऱ्या घालतो. जुने जनरल प्रॅक्टिशनर रुग्ण दारातून कसा आत येतो यावरूनच अर्धं निदान करत, ते असं.

दोन गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तर रुग्णानं आपणहून सांगाव्यात. बाई गरोदर असेल, पाच महिने उलटून गेले असतील आणि उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर रक्तदाब त्याच क्षणी मोजायला हवा. वाढलेल्या रक्तदाबानं यकृताला इजा होण्याची ती खूण असू शकते. ‘बाळ लाथा मारतंय’ म्हणून घरी ठेवलं तर आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. गरोदरपणात अपेंडिक्सचं दुखणंही वर सरकलेलं असू शकतं. दुसरी गोष्ट हृदयाची. खालच्या बाजूचा हृदयविकाराचा झटका पोटाच्या वरच्या भागात दुखतो आणि ढेकर, मळमळ, घाम घेऊन येतो. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाचा ईसीजी काढल्याशिवाय ‘पोटाचंच आहे’ म्हणू नये.

या सगळ्यांतून निवड करायला हाताची एक जुनी युक्ती आहे. शिकागोचे सर्जन जॉन मर्फी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शिकवली. रुग्णाला उताणं झोपवून उजव्या बरगडीच्या कडेखाली बोटं हलकी रोवायची आणि म्हणायचं, आता खोल श्वास घ्या. श्वासाबरोबर यकृत खाली येतं, सुजलेलं पित्ताशय बोटांवर येऊन टेकतं, आणि रुग्णाचा श्वास मध्येच तुटतो. चेहरा आक्रसतो. सोनोग्राफीचं मशीन यायच्या किती आधीपासून ही दोन बोटं निदान करत आली आहेत.

वॉरहॉलच्या बाबतीत सोनोग्राफीही झाली. पित्ताशयाचं प्रकरण हाताबाहेर चाललं होतं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सर्जन होते ब्यॉर्न थोरब्यार्नासन, आइसलंडचे, त्या काळातलं पित्तमार्गाच्या शस्त्रक्रियांमधलं मोठं नाव. १९७९ च्या ऑक्टोबरात याच रुग्णालयात इराणच्या शहांचं पित्ताशय त्यांनीच काढलं होतं. शहांना अमेरिकेनं उपचारासाठी येऊ दिलं, या रागातून दोन आठवड्यांत तेहरानच्या अमेरिकी दूतावासाचा ताबा घेतला गेला. एका पित्ताशयानं किती उलथापालथ करावी!

अशा सर्जनसमोर वॉरहॉल रडकुंडीला येऊन गयावया करत होता, ऑपरेशन नको, घरीच काय ते औषध द्या. सर्जन बधले नाहीत. वॉरहॉल ‘बॉब रॉबर्ट’ या खोट्या नावानं दाखल झाला. कित्येक दिवस नीट न खाल्ल्यानं, न प्यायल्यानं शरीर सुकलं होतं. त्याला आधी सलाइन देऊन सावरावं लागलं.

पित्ताशयात तोवर काय चाललं होतं? मान बंद असलेली पिशवी फुगते. भिंतीत दाब वाढतो, इतका की भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात. पित्ताशयाला रक्त नेणारी धमनी एकच, तिच्या जागी दुसरी वाट नाही. रक्त थांबलं की भिंत मरू लागते. हेच गँगरीन. मेलेल्या भिंतीतल्या नसाही मरतात, म्हणून काही वेळा दुखणं कमी होतं. घरच्यांना वाटतं, उतार पडला. मधुमेही आणि म्हाताऱ्या माणसांत तर मुळातच दुखणं बोथट असतं. ताप उतरलेला नाही, नाडी जोरात चालली आहे आणि ‘दुखणं थांबलं’ असं रुग्ण म्हणतो, यासारखी फसवी वेळ दुसरी नाही.

२२ तास आधी

शनिवार, २१ फेब्रुवारी, सकाळी पावणेनऊच्या सुमारास शस्त्रक्रिया सुरू झाली आणि दुपारी बारानंतर संपली. त्या काळी दुर्बिणीनं पित्ताशय काढण्याची पद्धत रूढ नव्हती, बरगडीखाली लांब छेद देऊन पोट उघडत. पित्ताशय गँगरीननं सडलेलं होतं. काढताना ते सर्जनच्या हातात तुकड्यांनी आलं. सुजलेलं पित्ताशय घट्ट असतं, पकडता येतं, त्याचे थर सोडवता येतात. सडलेल्याला पकडायला काहीच नसतं आणि खाली पित्तनलिका अगदी लगत असते. एक चूक आणि रुग्णाचं पुढचं आयुष्य पित्तगळतीत जातं. हे काम निभावलं गेलं. त्याच भुलीत १९६८ चा हर्नियाही दुरुस्त केला.

‘साधी शस्त्रक्रिया’ हे वर्णन इथं कसं लागू होतं, मला समजत नाही. महिनाभर अर्धपोटी, सुकलेला, जुन्या गोळीनं आतून विस्कटलेला, अनेक वर्षं उत्तेजक गोळ्या घेतलेला माणूस आणि पोटात गँगरीन. सिअ‍ॅटलचे निवृत्त सर्जन आणि वैद्यकीय इतिहासाचे अभ्यासक जॉन रायन यांनी २०१७ मध्ये कागदपत्रं चाळून हेच मांडलं, की ही फार आजारी माणसावरची मोठी शस्त्रक्रिया होती.

१५ तास आधी

पावणेचारच्या सुमारास त्याला खासगी खोलीत हलवलं. डॉक्टर पाहून गेले. सगळं ठीक.

९ तास आधी

वॉरहॉल टीव्ही पाहत होता. साडेनऊच्या सुमारास त्यानं घरी फोन करून कामवाल्या बाईशी बोलणं केलं. रात्रीसाठी खासगी परिचारिका खोलीत होती.

४६ मिनिटं आधी

पहाटे पावणेसहाला तो निळा पडलेला दिसला. धावपळ झाली, हृदय सुरू करण्याचे प्रयत्न झाले.

६:३१

नोंदीत हृदयाची लय बिघडून मृत्यू असं आलं. ती का बिघडली, याचं खात्रीचं उत्तर मिळालं नाही.

न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यानं चौकशी केली आणि रुग्णाची पूर्वपीठिका नीट न घेणं, शरीरात किती द्रव गेला-आला याचा हिशेब नीट न ठेवणं अशा त्रुटी नोंदवल्या. वारसांनी रुग्णालयावर दावा लावला, द्रव प्रमाणाबाहेर दिला गेला असा त्यांचा आरोप होता. १९९१ मध्ये तडजोड झाली, ३० लाख डॉलरचा आकडा छापून आला. शेवटच्या रात्री काय चुकलं यावर वाद होऊ शकतो आणि तो व्हायलाही हवा. रुग्णाकडे लक्ष ठेवणं हे रुग्णालयाचं कामच आहे, रुग्ण उशिरा आला म्हणून ती जबाबदारी कमी होत नाही. माझं म्हणणं इतकंच, की कुठल्याही रुग्णालयाच्या हाती रुग्ण कोणत्या अवस्थेत पडतो, ते घरी ठरतं. १९८७ च्या जानेवारीत, शरीर इतकं सुकण्याआधी हेच पित्ताशय निघालं असतं, तर ते बहुधा एका तुकड्यात बाहेर आलं असतं.

एका गोष्टीची चुटपुट लागते. वॉरहॉल गेल्यानंतर महिन्याभरात, मार्च १९८७ मध्ये, फ्रान्समधल्या लियोंला फिलिप मूरे यांनी छोट्या भोकांतून दुर्बिणीनं पित्ताशय काढलं. जर्मनीत एरिश म्युह यांनी १९८५ मध्येच तसं केलं होतं, पण त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांना वेड्यात काढलं. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी भारतातलं असं पहिलं ऑपरेशन केलं. आज जिल्ह्याच्या गावीही ही शस्त्रक्रिया होते आणि बहुतेक रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातात. पित्ताशयाला सूज आली तर आता महिनाभर थंड होण्याची वाटही पाहत नाहीत. पहिल्या काही दिवसांतच काढणं बरं, असा सर्जनांचा कल आहे. अट एकच, रुग्ण त्या काही दिवसांत समोर यायला हवा.

तेव्हा घरातली कागदपत्रं एकदा काढून पाहा. कुणाच्या जुन्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये पित्ताशयात खडे लिहिलेले असतील आणि त्या माणसाला जेवणानंतर कधी उजव्या बरगडीखाली किंवा छातीखाली कळ आली असेल, तर बरं वाटत असतानाच त्याला सर्जनकडे न्या. कळ सहा तासांत गेली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी झाली, दुखणं पाठीत जाऊन उलट्या थांबेनात, पोट कडक झालं, घाम सुटून दम लागला, किंवा बाई गरोदर असेल, तर ओवा-सोडा बाजूला ठेवा, काही खायला-प्यायला देऊ नका आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन लावा.